खुर्ची कोणास, उंबरठा कोणास?

या मासिकांत बियाणें, खतें, बाजारभाव यांची चर्चा चालते, ती योग्यच आहे. आज वाचक बंधूंच्या परवानगीनें आम्ही जरा निराळा विषय काढतों. माणसाची पायरी त्याच्या बुद्धीवर कशी बसते, हा तो विषय होय. महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें त्याचा अनुभव आम्हांस पुष्कळ आहे. तो सर्वस्वीं आमच्या गौरवाचा नाहीं.

फेरफाराची रीत खातेदारांस ठाऊक आहेच. तलाठी नोंद धरतो, संबंधितांस नोटिसा जातात, ज्याची हरकत असेल त्यानें पंधरा दिवसांत ती द्यावी. मग चौकशी झाल्यावांचून नोंद प्रमाणित होत नाहीं. कायदा दीड एकरवाल्यास आणि चाळीस एकरवाल्यास एकच आहे. कचेरीचा उंबरठा मात्र एक नाहीं. चाळीस एकरवाला आला कीं आम्ही "या, बसा" म्हणून खुर्ची पुढें करीत असूं. तो बोलूं लागण्यापूर्वींच त्याचें म्हणणें आम्हांस पटलेलें असे. दीड एकरवाला पायताण काढून दाराशीं उभा. त्यास आम्हीं "काय रे" म्हणावें, मग तो वयानें दहा वर्षांनीं वडील कां असेना!

असाच एकजण वाटणीच्या नोंदीवर हरकत घेऊन आला होता. सामाईक विहीर भावानें एकट्याच्या हिश्शांत दाखविली होती. हें त्यास नीट सांगतां येईना. "साहेब, गरिबाकडे बघा" एवढेंच तो पुन्हां पुन्हां म्हणे. आम्हीं त्यास मंदबुद्धि ठरवून दोनदां "उद्यां ये" म्हणून वाटेस लावलें. मुदत टळली, नोंद प्रमाणित झाली. पुढें प्रांताकडे अपील करण्याच्या खर्चांत त्याची बैलजोडी गेली. मागाहून कळलें कीं, हाच गृहस्थ आपल्या गांवांत चार लोकांचे बांधाचे तंटे मिटवीत असे. बुद्धि शाबूत होती. ती आमच्या टेबलापुढें येऊन थिजली.

निवृत्तीनंतर आम्ही स्वतःच्या वारस-नोंदीसाठीं कचेरींत गेलों. टेबलापलीकडचा तरुण मान वर करीना. कलमें आम्हांस तोंडपाठ, तरी आवाज खालीं गेला, हात आपोआप जुळले, आणि तोंडांतून निघालें तें "साहेब" असेंच.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१८ सालीं कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत तीं १९५० च्या कायद्यानें गेलीं. महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली. तरी कोणत्या घरचा माणूस आला असतां पारावर जागा करून द्यावयाची, हें गांवास अजून विचारावें लागत नाहीं.

वाचकांनीं रागावूं नये, पण कचेरींत वाकणारे आपण बांधावर आलों कीं ताठ होतों. पिकावरील रोग प्रथम सालदारास दिसतो, कारण दिवसभर पिकांत तोच असतो. परंतु "तुला काय कळतें?" हें त्यानें इतक्यांदां ऐकलेलें असतें कीं, पानाखालीं मावा दिसला तरी तो बोलत नाहीं, मालकास कळतें तेव्हां औषधाची वेळ गेलेली असते. सोसायटीच्या वार्षिक सभेंतही हाच प्रकार. मागें बसलेला लहान खातेदार हिशेबावर प्रश्न विचारीत नाहीं, कारण पेरणीच्या वेळीं पुढें बसलेल्याचाच ट्रॅक्टर त्यास मागावयाचा असतो. लोक यास अडाणीपणा म्हणतात. आम्हांस हा पक्का हिशेबीपणा वाटतो. यासाठीं आमची सूचना अशी कीं, हिशेबावरील प्रश्न आधीं बिननांवाच्या चिठ्ठ्यांवर घ्यावे, चिटणीसांनीं ते मोठ्यानें वाचावे, आणि सभेस खुर्च्या न मांडतां सर्वांस एकच सतरंजी असावी.

त्या विहिरीच्या गृहस्थाकडे आम्ही मागील पावसाळ्यांत मुद्दाम जाऊन आलों. त्यानें आम्हांस बाजेवर बसविलें व आपण खालीं बसला. पुष्कळ सांगितलें, तरी वर बसला नाहीं.