क्षमेचं कार्ड विकावं का?



गेल्या रविवारी माझी भाची चहाला आली ती एक खोका घेऊनच. खोक्यात तिने हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रं होती. मांडवीची जेटी, थिबा पॅलेस, मोहोराने लगडलेली आंब्याची फांदी. गेली चार वर्षं ती अशी कार्डं नातलगांना फुकट देत आली आहे. आता रामआळीतल्या एका दुकानदाराने संवत्सरीसाठी 200 कार्डं मागितली आहेत आणि पोरगी अडून बसली आहे. "मावशी, 'मिच्छामि दुक्कडम्' लिहायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे? बरं दिसेल का गं?"

तिच्या सासूबाईंनी तर सांगूनच टाकलं, "क्षमा काय बाजारात मिळते?" प्रश्न खरा आहे. पण माझं मत वेगळं आहे. कार्ड खुशाल विकावं. क्षमा मात्र ज्याची त्याने मागावी.

रंगवलेलं क्षमापत्र ही काही आजची टूम नाही. पूर्वी गावोगावचे संघ आचार्यांना विज्ञप्तिपत्रं पाठवत. वर्षभरात झालेल्या चुकांची क्षमा मागायची आणि पुढच्या चातुर्मासाचं आमंत्रण द्यायचं, तेही लांबलचक चित्रमय गुंडाळीवर. आग्र्याच्या संघाने 1610 साली आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शालिवाहन नावाच्या चित्रकाराने ते रंगवलं. पर्युषणात पशुहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात आहे. अशी पत्रं व्यवसाय करणाऱ्या चित्रकारांकडून करून घेत. चित्र त्यांचं, विनंती संघाची. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

आता हिशेब. एका कार्डाला कागद, पाकीट आणि रंग मिळून 25 रुपये लागतात आणि दीड तास जातो. दुकानदार 60 रुपये देतो म्हणतो. म्हणजे तासाला जेमतेम 23 रुपये पडतात! आपण बायका इथेच चुकतो. "घरबसल्या हौस म्हणून करतेय" असं म्हणून स्वतःच्या हातांची किंमत शून्य धरतो. अपरिग्रह म्हणजे साठा न करणं, हाव न धरणं. कष्टाचं मोल न घेणं असा त्याचा अर्थ कुठे आहे? मी तिला 120 रुपयांच्या खाली उतरू नकोस म्हटलं.

शिवाय 200 कार्डं म्हणजे 300 तास. संवत्सरी येते भाद्रपदात, आणि आपल्या रत्नागिरीचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जलरंग वाळत नाही, कागद फुगतो, त्यावर बुरशी धरते. बुरशी म्हणजे नुसतं नुकसान नाही, जीवहिंसाही आली. तेव्हा सगळं काम मृगाच्या आत उरकून कार्डं कोरड्या डब्यात गेली पाहिजेत. घरचं सगळं सांभाळून तिच्याच्याने 60 होतील. तेवढीच घ्यावीत.

"मग एकाच चित्राच्या छापील प्रती काढ की," दुकानदाराने सुचवलं. काढाव्यात, पण 'छापील' म्हणून, स्वस्तात. छापलेलं हस्तनिर्मित म्हणून विकणं हा प्रतिरूपक व्यवहार झाला. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी तो एक. दुधात पाणी घालण्यातलाच प्रकार.

सामानाचंही बघायला हवं. हे मला स्वतःला उशिरा कळलं. मऊ ब्रश पुष्कळदा खारीच्या केसांचे असतात. सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा. काही काळे रंग हाडं जाळून करतात, एक गडद लाल रंग किड्यांपासून निघतो. वर्ख तर परंपरेने जनावराच्या कातड्याच्या नाहीतर आतड्याच्या पदरांत कुटतात. जलरंगाच्या काही कागदांना जिलेटिनचा लेप असतो. क्षमेचं पत्र आणि त्यात हे? नायलॉनचे ब्रश, झाडाचा डिंक आणि सुती चिंध्यांचा कागद वापरता येतो. असा हातकागद पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून बनतो. फक्त लेप कसला आहे, ते घेताना विचारायचं.

आणि भगवंतांची प्रतिमा कार्डावर नको. चार दिवसांनी कार्ड कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. आशातना कशाला ओढवून घ्यायची? मोहोर आहे, समुद्र आहे, दिवा आहे.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंग्लंडात 1843 साली हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील कार्ड विकायला काढलं. कारण काय, तर सगळ्यांना पत्रं लिहायला त्यांना वेळ नव्हता! न लिहिण्याची सोय म्हणून ते कार्ड जन्मलं. आपल्याकडेही पेढीच्या नावाने छापलेल्या क्षमापना पत्रिका गठ्ठ्याने जात. आता एकच चित्र मोबाईलवरून दोनशे जणांना जातं. ज्याला खरंच दुखावलं, त्यालाही तेच.

म्हणून भाचीला म्हटलं, बाहेर हवं तेवढं सुंदर रंगव, पण आतलं पान कोरं ठेव. 'मिच्छामि दुक्कडम्' सुद्धा तू लिहू नकोस. घेणाऱ्याने ते आपल्या अक्षरात लिहावं, कशाबद्दल तेही लिहावं. मग तू विकतेस तो रंगवलेला कागद, क्षमा नव्हे. सासूबाईंनाही हे पटलं. "कोरं असेल तर चालेल," म्हणाल्या.

पहिलं कार्ड मीच घेतलं, पूर्ण 120 रुपये देऊन. माझ्या धाकट्या जावेला पाठवायचं आहे. गेल्या दिवाळीत मी तिला चार माणसांत नको ते बोलले होते. आठ दिवस झाले, आतलं पान अजून कोरंच आहे. संवत्सरीपर्यंत मात्र लिहीनच.