इन्सर्टची धार तुटली, दोष फक्त ऑपरेटरचाच?

कॉलेजमध्ये असताना इंटर्नशिपला भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. कीवे असलेला शाफ्ट लेथवर चढवला होता. नव्याकोऱ्या इन्सर्टची धार काही मिनिटांत तुटली. सुपरवायझरचा पहिला प्रश्न ऑपरेटरला, ‘फीड किती ठेवलास?’ फीड बरोबर होता. इन्सर्टवर थर कोणत्या पद्धतीचा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

नेमकं घडतं काय?

कार्बाइड इन्सर्टवर काही मायक्रॉन जाडीचा कठीण थर असतो. सीव्हीडी पद्धतीत तो साधारण १००० अंश सेल्सिअसला चढतो. थंड होताना टिटॅनियम नायट्राइड, अॅल्युमिना यांसारखे थर खालच्या कार्बाइडपेक्षा जास्त आकसू पाहतात. कार्बाइड त्यांना आकसू देत नाही. त्यामुळे थर कायम ओढलेल्या अवस्थेत राहतो आणि त्यात बारीक भेगा पडतात. हाच अवशिष्ट ताण.

पीव्हीडीत तापमान साधारण ४०० ते ५०० अंश असतं. आयनांच्या माऱ्यामुळे थर दाबलेल्या अवस्थेत तयार होतो. दाबामुळे भेग सहज उघडत नाही. पण दाब फार झाला, तर तीक्ष्ण धारेवरून थराचे टवके निघतात. म्हणून हा थर पातळच ठेवावा लागतो.

मग चांगलं कोणतं?

हा प्रश्नच चुकीचा आहे. सलग, वेगवान टर्निंगमध्ये उष्णता जास्त. तिथे जाड सीव्हीडी थर टिकतो. कीवेसारख्या खाचेवर टूल दर फेऱ्याला आपटतं. तिथे आधीच्या भेगा वाढतात, म्हणून पीव्हीडी किंवा ब्लास्टिंग करून ओढ कमी केलेला सीव्हीडी ग्रेड योग्य.

ही माहिती कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा असते. पण छोट्या वर्कशॉपमध्ये खरेदी होते ती भाव आणि सोनेरी रंग पाहून. रंगावरून ताण कळत नाही. तो मोजायला एक्स-रे डिफ्रॅक्शन लागतं. ते प्रत्येकाला शक्य नाही, पण प्रश्न विचारणं फुकट आहे. खरेदी करताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : थर सीव्हीडी की पीव्हीडी, आणि नंतर ब्लास्टिंग केलंय का? आयटीआयमध्ये फीड-स्पीडच्या तक्त्याशेजारी हाही धडा हवा.

तुटलेल्या इन्सर्टचे पैसे ऑपरेटरच्या नावावर लिहिण्याआधी एकदा डबीवरचा ग्रेड वाचायला काय हरकत आहे?