माजघरातून : रुखवतातल्या काजूफळांचे रंग



लग्नघरी रुखवताची तयारी सुरू झाली की लाडू, करंज्या, चिरोट्यांबरोबर काहीतरी नवे मांडावे असे मुलींना वाटते. हल्ली वाढदिवसाच्या केकवर फुले-पाने बसवायचीही हौस असते. शहरातल्या केकवर जे कणकेसारखे मऊ, रंगीत आवरण दिसते त्याला फॉन्डंट म्हणतात. घरी करणारे मार्शमेलो नावाची मऊ मिठाई वितळवून तिच्यात पिठीसाखर मळतात. पण मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून काढतात. त्यामुळे पुष्कळ घरांत ते चालत नाही. शिवाय खेड्यात मिळतेही कुठे?

रत्नागिरीकडच्या बायकांना याची चिंता नको. आपल्या परसात काजू आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळ आणि ईस्टरला बदामाऐवजी काजूचा गोळा करून, रंगवून, साच्यातून त्याच्या मिठाया काढतात. आपलीही काजूकतली म्हणजे तोच गोळा. अख्खा काजू विकायला ठेवा. या कामाला पाकळी नि तुकडा उत्तम.

गोळ्याचे प्रमाण असे : काजूची चाळलेली पूड २ वाट्या, साखर १ वाटी, पाणी अर्धी वाटी. एकतारी पाक करून त्यात पूड घालावी आणि मंद आचेवर कडा सोडीपर्यंत ढवळावे. कोमट झाल्यावर तुपाच्या हाताने मळावे.

आता रंगाकडे वळू. पहिला नियम, रंगाबरोबर पाणी जाऊ देऊ नये. साखर पाणी ओढते, कोकणची हवा आधीच दमट. पातळ रंग ओतला की गोळा चिकट होतो आणि केलेले फळ संध्याकाळपर्यंत बसते. दुसरा नियम, सगळा गोळा एकदम रंगवू नये. सुपारीएवढा तुकडा घेऊन तो गडद रंगवावा आणि त्यातला थोडा थोडा पांढऱ्या गोळ्यात मळत जावे. हवी त्याहून एक छटा फिकी असतानाच थांबावे. तासाभरात रंग मुरतो आणि गडद दिसू लागतो.

घरचे रंग पुढीलप्रमाणे करता येतात.

पिवळा : हापूसचा रस आटवून घट्ट गोळा करावा आणि तो चुलीवरच काजूच्या गोळ्यात घालावा. स्वादही येतो. एरवी चिमूटभर हळद अर्धा चमचा तुपात कोमट करून घालावी. हळदीचा रंग तुपात चांगला उतरतो. हळदीला सोडा लागू देऊ नये, ती लाल होते.

गुलाबी : बिटाच्या पातळ चकत्या सावलीत कडकडीत वाळवून पूड करावी. उकळल्याने बिटाचा रंग तपकिरी पडतो, म्हणून ही पूड गोळा कोमट झाल्यावरच घालावी.

हिरवा : पालक वाटून रस गाळावा व मंद आचेवर ठेवावा. हिरवा साका वर येतो. तो फडक्यात घट्ट पिळून घ्यावा. बाकीचे पाणी टाकू नये, आमटीत घालावे. या रंगाला लिंबू लावू नये, तो शेवाळी होतो.

निळा : गोकर्णीची निळी फुले दोन चमचे गरम पाण्यात चुरगळावीत. मलेशियात याच फुलांनी भात निळा करतात. त्यात लिंबाचा थेंब पडला की रंग जांभळा होतो. हे पाणी आटवून थेंबाथेंबानेच घालावे.

लाल : रातांब्याच्या साली साखरेत मुरवून सुटलेला बिनमिठाचा पाक गोळ्यात मळू नये, आंबट होतो. तयार फळावर कापसाच्या बोळ्याने नुसता हात फिरवावा.

याच रीतीने बोंडू करून पाहा. पिवळ्या गोळ्याचे बोंड वळून त्याच्या एका गालावर रातांब्याची लाली द्यावी आणि खालच्या टोकाला भाजलेला काजूगर बसवावा. आंब्याला देठ म्हणून लवंग खोचावी.

विकतचा रंग वापरायचा झाल्यास मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे : लाल ३, पिवळे २, निळे २ आणि हिरवा १. तेही तयार पदार्थाच्या एका किलोला जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम. वरच्या प्रमाणाचा गोळा अर्ध्या किलोच्या आतच भरतो, म्हणजे त्याला शुद्ध रंग ५० मिलिग्रॅमही नको. एका ग्रॅमचा विसावा भाग! काडीच्या टोकावर येईल तेवढाच घ्यावा. पुडीवर रंगाचे नाव, तारीख आणि अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहावा.

बाजारात सुटा मिळणारा, कागदात बांधून दिलेला रंग स्वस्त असला तरी घेऊ नका. मेटॅनिल यलो आणि रोडामाइन-बी हे कापडाचे, कातड्याचे रंग असून खाण्यात घालायला बंदी आहे. तरी ते मिठाईत सापडतात. जत्रेत मुले ज्यासाठी हट्ट धरतात त्या गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’त रोडामाइन-बी आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. रंगपंचमीचा उरलेला रंग तर स्वयंपाकघरात येताच कामा नये.

फळे लग्नाच्या दोन दिवस आधी करावीत. तासभर वाऱ्यावर सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवावीत. फ्रीजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर घाम सुटून रंग ओघळतात. उन्हातही ठेवू नयेत, हळद आणि बीट दोन्ही विटतात.

घरचे रंग दुकानातल्यासारखे भडक होणार नाहीत, हे आधीच सांगते. विहीणबाई जरा फिके म्हणाल्या तर म्हणू द्या. रुखवत मोठी माणसे बघतात, पण त्यातली फळे शेवटी लहान मुलांच्याच हाती पडतात. कोणता रंग कशाचा, हे आपल्याला सांगता आले म्हणजे झाले.