पडद्यावरची पेढी आणि पत

बंगळूरजवळील आनेकल हे रेशीम विणकरांचे गाव. पेढीवर ग्राहक साडी हाती घेऊन तिचा पोत पारखतो. संगणकाच्या पडद्यावर ती सोय नाही. बंगळूरमध्येच २००७ साली पुस्तकविक्रीने आरंभ केलेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची मुभा दिली आणि साशंक ग्राहकही पुढे आला. आधी विश्वास, मग व्यवहार, हाच त्यातील धडा. म्हणून विणकराने छायाचित्रात रंग खुलवून दाखवू नये. शुद्ध रेशमाची ग्वाही देणारे, २००४ पासूनचे ‘सिल्क मार्क’ चिन्ह लावावे. वर्णनाशी न जुळणारा माल विनातक्रार परत घ्यावा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार ते बंधनकारकही आहे. हुकलेली विक्री पुन्हा साधता येते. गेलेली पत मात्र कोणतीही बँक कर्जाऊ देऊ शकत नाही.