विश्लेषण : गाडी तुमची, मग तिच्या सॉफ्टवेअरचे कुलूप कोणाचे?

नागपुरात मनीषनगर ते सीताबर्डी असे रोज सहा-सात किलोमीटर धावणारी, दर सिग्नलला थांबणारी बीएस-६ डिझेल गाडी. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो : ‘पी २४६३’. धुराच्या गाळणीत, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साचली आहे. एवढे फुकट कळते. ती जाळून टाकण्याची आज्ञा गाडीला द्यायची तर मात्र तशी सोय असलेले सॉफ्टवेअर शोधा, त्याचा परवाना विकत घ्या, नाहीतर कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठा. देशभर बीएस-६ लागू झाले १ एप्रिल २०२० रोजी. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांची मूळ वॉरंटी आता संपली आहे आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या खिशातून जातो आहे.

बिघाड दिसतो, मग दुरुस्ती का अडते?

स्टीअरिंगखालचे १६ पिनांचे सॉकेट म्हणजे ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झाले. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी ते एप्रिल २०१३ पासून आले. हेतू प्रदूषण नियंत्रणाचा होता. त्यामुळे प्रदूषणाशी संबंधित कोड सर्व कंपन्यांत सारखे असतात आणि कोणताही स्कॅनर ते वाचतो. एबीएस, एअरबॅग, दरवाजे यांची भाषा मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. शिवाय वाचणे वेगळे आणि आज्ञा देणे वेगळे. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलायचे, तर आधी सॉफ्टवेअरने ब्रेकचा पिस्टन मागे घ्यावा लागतो. अनेक डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला की त्यावरचा क्रमांक इंजिनच्या संगणकात भरावा लागतो. पाना हातात आहे, सुटा भाग आणला आहे, तरी काम अडते ते इथे.

(डीपीएफपुरता एक घरगुती उपाय आहे. दिवा नुकताच लागला असेल तर वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत एका वेगात चक्कर मारल्यास काजळी बऱ्याचदा आपोआप जळते. दिवा लुकलुकू लागल्यावर हा उपाय चालेलच असे नाही.)

परवाना कशाचा असतो?

ही पोकळी भरली ती स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपन्यांनी, आणि प्रत्येकीची विक्रीची तऱ्हा वेगळी. फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांसाठीचे अमेरिकी ‘व्हीसीडीएस’ हौशी मालकाला ३ किंवा १० चेसिस क्रमांकांपुरते विकले जाते. अमर्याद गाड्यांची आवृत्ती व्यावसायिकांसाठी, अर्थात महाग. लिथुआनियाच्या ‘ओबीडीइलेव्हन’मध्ये वर्गणी आणि ‘क्रेडिट’ असा हिशेब आहे. फोर्डसाठीच्या ‘फोरस्कॅन’मध्ये कोड वाचण्यापलीकडे जाऊन गाडीची रचना बदलायची, तर ‘एक्स्टेंडेड लायसन्स’ लागते आणि ते त्या एका संगणकाशी बांधलेले असते.

या पद्धतीत गैर काही नाही. एकच गाडी असलेल्याने गॅरेजवाल्याएवढे पैसे का मोजावेत? अडचण वेगळी आहे. कंपनीचे अधिकृत साधन घरच्या मेकॅनिकपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हा परवाना त्याच्यासाठी पर्याय न राहता एकमेव वाट ठरतो. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सेवा सुरू राहील, असेही सांगितले. पण कारखाने बंद झाले तरी इकोस्पोर्ट, फिगो, एन्डेव्हर रस्त्यावर आहेत. अशा मालकासाठी ‘फोरस्कॅन’ ही हौस राहत नाही.

दुसरी वाट चोरीची. मूळ साधनांच्या नकला आणि ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर बाजारात सहज मिळतात. लिहिताना मध्येच संपर्क तुटला तर गाडीचा संगणक निकामी होऊ शकतो, आणि मग वाचवलेल्या परवान्याच्या कितीतरी पट बिल येते.

कायदा काय म्हणतो?

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदान साधने स्वतंत्र गॅरेजना न देता दुरुस्तीची बाजारपेठ आपल्याच हातात ठेवली, हा ठपका होता. ही साधने सहज उपलब्ध करा आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. दंडाचा वाद पुढे न्यायालयांत गेला. आदेशाचा भर मात्र स्वतंत्र गॅरेजवर होता. घरी बॉनेट उघडणारा मालक त्यात केंद्रस्थानी नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या २०१२ च्या कायद्यात गॅरेजच्या बरोबरीने ‘मालक’ स्पष्ट लिहिलेला आहे.

कॉपीराइट कायद्याचा धाक दाखवला जातो, पण तो वाटतो तितका आडवा येत नाही. कलम ५२(१)(एबी) नुसार दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती सॉफ्टवेअरचा कायदेशीर वापरकर्ता काही अटींवर शोधून काढू शकतो.

कंपन्यांची भीती खोटी आहे का?

पूर्ण खोटी नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि अमेरिकेत १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर फियाट-क्रायस्लरने पोर्टमागे ‘सिक्युअर गेटवे’ बसवला : कोड पुसायचा तरी नोंदणी, इंटरनेट आणि वर्गणी. युरोपीय न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, नियमात नसलेल्या अशा अटी स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांवर लादता येणार नाहीत, असा निकाल दिला. सुरक्षेचे कारण त्यांना मान्य झाले नाही.

तरी सगळी बटणे सारखी नसतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे किंवा चोराच्या हाती इमोबिलायझर देणे यावर कुलूप हवेच. डीपीएफ जबरदस्तीने साफ करताना धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मे महिन्यात वाळलेल्या गवतावर उभ्या गाडीत ते केले तर आग लागेल. ब्रेक पॅड बदलण्याला मात्र चोरी रोखण्याचे कारण लागू होत नाही, आणि आज ही सगळी कामे बऱ्याचदा एकाच कुलपाआड आहेत.

भारतात गाडे कुठे अडले?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरली. २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टलही सुरू झाले. मात्र २०२५ मध्ये आलेला दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता होता. वाहनांचे तांत्रिक नियम ठरतात दुसऱ्याच खात्यात, रस्ते वाहतूक मंत्रालयात. ते २०१४ पासून नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे आहे. पोर्टमधून कोणती माहिती खुली असावी, हे याच मंत्रालयाने प्रदूषणाच्या निमित्ताने एकदा ठरवले होते. कोणत्या आज्ञा, कोणाला आणि किती दरात मिळाव्यात, याचा नियम दोन्हीपैकी एकाही खात्याने अजून केलेला नाही.