काळी माती आणि कुंडीतला कांचन

१८१८ साली होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर महू येथे इंग्रजी फौजेची छावणी वसली, आणि पुढे तिच्यात जे बंगले उठले त्यांची आवारे इतकी प्रशस्त होती की, झाड कुंडीत लावावे हा विचारच कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. आता गच्ची आणि सज्जा हेच ज्यांचे आवार, अशा घरांत कांचनाचे कोवळे रोप कुंडीत वाढविण्याची हौस रूढ झाली आहे. हौस स्तुत्य खरी. परंतु तिच्यापायी दरसाल जी रोपे जळतात त्यांचा ठपका उन्हावर ठेवला जातो, तो वास्तविक मातीवर ठेवावयास हवा.

माळव्याच्या काळ्या मातीचा आम्हां इकडच्या मराठी मंडळींना मोठा अभिमान, आणि गहू-कापसाच्या बाबतीत तो यथार्थही आहे. मात्र हीच माती कुंडीत भरली असता भिजल्यावर फुगते, सुकल्यावर आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून तळाच्या छिद्रावाटे निघून जाऊ लागले की, झाड तृप्त झाले अशा समजुतीने मालक निश्चिंत होतो, तर मधला मुळांचा गड्डा कोरडा ठणठणीत असतो. (पिशवीत वेटोळी झालेली मुळे न सोडविता रोप तसेच बसविणारे आणि खोडाचा बुंधा मातीत गाडणारे यांच्याविषयी न बोललेलेच बरे.)

याचा उपाय घरचाच आहे. इंदूर येथे १९२४ साली निघालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये आल्बर्ट हॉवर्ड यांनी पाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची जी रीत बसविली ती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर गेली. आणि तिच्या उगमाशेजारी राहणारे आम्ही खताच्या पिशव्या बाजारातून विकत आणतो! काळ्या मातीत असे खत आणि जाड वाळू सढळ हाताने मिसळली, तर ती कुंडीतही नीट वागते.

छावणीच्या जुन्या वृक्षांखाली शिशिरात पाचोळ्याचा खच पडतो. तो पेटवून न देता त्याचे खत करून पावसाळ्याच्या आरंभी, म्हणजे कुंडी बदलण्याच्या योग्य वेळी, रहिवाशांना माफक दरात देण्याची तजवीज कारभाऱ्यांनी करावी. खर्च विशेष नाही. गुलमोहराचे रोप मात्र कोणी या निमित्ताने कुंडीत घालू नये, त्याच्या मुळांचा पसारा कुंडीत मावणारा नाही. ज्यांना तो हवाच असेल त्यांनी मोकळ्या जागेसाठी अर्ज करावा.