मोठा आवाज, हरवलेला शब्द

गेल्या माघांत आमचे वडील बंधु एका नव्या सभागृहांत कीर्तनास गेले होते. कानांत यंत्र होतें, जागाही बरी मिळाली होती. घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें, "बुवांनीं आज काय सांगितलें?" ते म्हणाले, "पुष्कळ मोठ्यानें सांगितलें." दोन तासांत एवढेंच त्यांच्या पदरांत पडलें.

तेथें लाउडस्पीकर थोडे नव्हते. मंचामागें भला मोठा प्रकाशमान पडदाही होता. परंतु खालीं फरशी, बाजूंस कांच, वर सिमेंट. अशा जागीं आधींचें अक्षर विरण्यापूर्वींच पुढचें त्यावर येऊन पडतें. हार्वर्ड येथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत १८९५ सालीं हीच व्यथा होती. उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं आणून मांडल्या, घुमारा मोजला आणि त्यांतून आपला नियम काढला. आपल्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांतही मनुष्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद नाट्यगृह सांगितलें आहे; याहून मोठ्यांत पाठ अस्पष्ट होतो, हें कारणही दिलें आहे. सर्व शास्त्रें आमच्याकडे होतींच, असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नव्हे. मोजण्याची रीत सॅबिनचीच.

आज या धंद्यांत युक्तीची वाण नाहीं. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटर मागील लाउडस्पीकरास संगणक एक दशांश सेकंद थोपवून धरतो. सभागृहाभोंवतीं तारेचें वेटोळें घातलें, तर टेलिकॉइल असलेल्या कानयंत्रांत मायक्रोफोनवरील शब्द सरळ उतरतो. घुमारा मध्यें येत नाहीं. २०२२ सालीं जाहीर झालेल्या ऑराकास्ट पद्धतीस वेटोळेंही नको, मात्र कानयंत्र त्या पद्धतीचें हवें.

मीं व्यवस्थापकांस विचारलें. पडद्यापुढें वेटोळ्यास पैसा उरला नाहीं, असें उत्तर मिळालें. पडदा छायाचित्रांत दिसतो, तार दिसत नाहीं, हें ते बोलले नाहींत. ध्वनीच्या तंत्रज्ञास तर इमारत पुरी झाल्यावर बोलावलें होतें. भिंतीस हात लावण्याची सोय नाहीं, तेव्हां त्या बिचाऱ्यानें आवाज वाढविला.

ज्यांच्या घरीं कानयंत्र वापरणारें वडीलधारें माणूस असेल, त्यांनीं तिकीट काढण्यापूर्वीं "वेटोळें आहे काय?" एवढें अवश्य विचारावें. रामनवमीस तेथेंच पुन्हां कीर्तन आहे. बंधूंस येतां का म्हणून विचारलें, तर त्यांनीं यंत्र काढून डबींत ठेविलें.